केंद्राशी संपर्क नाही

“ह्या चित्रात मी कुठाय?” मुजावर मॅडमनी विचारलं.

चित्र माझं होतं. आठ फूट लांब, रंगीत, मुद्दाम पुण्याहून छापून आणलेलं, आणि मिरजेच्या त्या रक्तपेढीच्या भिंतीवर चिकटपट्टीने मीच डकवलेलं. त्यात सत्तेचाळीस चौकोन होते. बाण किती होते ते मी मोजले नव्हते. पण लांबून पाहिलं की कुणीतरी खूप विचार केलाय असं वाटायचं, आणि तेवढ्यासाठीच ते होते.

“हा काय, इथे,” मी खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या राखाडी चौकोनावर बोट ठेवलं. त्यावर ‘वापरकर्ता’ असं लिहिलेलं होतं.

“आणि पेशंट?”

“पेशंट सिस्टिमच्या बाहेर असतो मॅडम.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवत आत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी पुण्याच्या मित्रमैत्रिणींना मी हा संवाद फोनवर नक्कल करून ऐकवला. सगळे खूप हसले. मीही हसले.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दहा वर्षं प्रोग्रॅम लिहून आता आर्किटेक्ट होऊ घातले होते. होऊ घातले म्हणजे कार्डावर अजून ‘सीनियर इंजिनियर’च होतं, मार्चमध्ये बढतीची समिती बसणार होती. वागण्यात मात्र मी बढती आधीच घेऊन टाकली होती. आमच्याकडे आर्किटेक्ट ओळखायची सोपी खूण होती: तो कोड लिहिणं बंद करतो. दुसरी खूण म्हणजे खिशातला मार्कर. कुणी काही विचारलं की उठून फळ्यापाशी जायचं, एक चौकोन काढायचा, शेजारी दुसरा काढायचा, मधे बाण मारायचा आणि मान हलवत म्हणायचं, “हे दिसतं तेवढं सोपं नाहीये.” धड कोड लिहिणं शिकायला मला चार वर्षं लागली होती. हे मी सहा महिन्यांत शिकले.

शिकवणारा निशिकांत सबनीस. आमचा चीफ आर्किटेक्ट. सगळ्यांनी त्याला ‘निक’ म्हणावं असा त्याचा आग्रह असे. निकने शेवटचा प्रोग्रॅम कधी लिहिला होता हे कंपनीत कुणालाच आठवत नव्हतं, आणि विचारायची कुणाची हिंमत नव्हती. तो दर परिषदेला जायचा, तिथून एक नवा शब्द आणायचा आणि पुढची परिषद येईपर्यंत तो आम्हाला पुरवायचा.

“हर्षदा,” तो मला म्हणाला होता, “आर्किटेक्टने साइटवर जायचं नसतं. साइटवर गेलं की माणसं अपवाद सांगायला लागतात. अपवाद ऐकत बसलीस तर चित्र बिघडतं.”

मी हे वहीत लिहून घेतलं होतं. तारखेसकट.

काम तसं लहान होतं. सांगली-मिरज भागात एका धर्मादाय ट्रस्टची सात रुग्णालयं होती, प्रत्येकाची आपापली रक्तपेढी. कुठल्या गटाच्या किती पिशव्या कुठे आहेत हे कळायला सात ठिकाणी फोन फिरवावे लागत. ते एका पडद्यावर दिसावं, एवढीच ट्रस्टची मागणी. दोन बऱ्या प्रोग्रॅमरनी तीन महिन्यांत केलं असतं. निकने त्याला ‘एकच सत्य’ असं नाव दिलं. सातही पेढ्यांचा साठा पुण्याच्या एका केंद्रात नोंदलेला. सातांपैकी कुणीही कुणाचीही पिशवी पडद्यावरून आरक्षित करू शकेल. आणि केंद्राने हो म्हटल्याशिवाय कुठल्याही काउंटरवरून एकही पिशवी बाहेर पडणार नाही. रचना मी केली होती. निकने फक्त ‘वा’ म्हटलं होतं आणि पहिल्या पानावर स्वतःचं नाव घातलं होतं.

चाचणीच्या आठवड्यात मिरजेला जाणार होता आमचा एक प्रोग्रॅमर. त्याला कावीळ झाली, म्हणून मला धाडलं. मला तो अपमान वाटला.

रुक्साना मुजावर तिथल्या मुख्य तंत्रज्ञ. अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला दोन राहिलेली. किडकिडीत बाई, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोलणं कमी. काउंटरवर आमचा नवाकोरा संगणक होता आणि त्याच्या शेजारी त्यांचं लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर. प्रत्येक पिशवीची नोंद त्या आधी रजिस्टरात करायच्या, मग संगणकात.

“मॅडम, आता रजिस्टर बंद करायचंय,” मी पहिल्याच दिवशी सांगितलं.

“हो की,” त्या म्हणाल्या आणि पुढची ओळ लिहायला घेतली.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ‘हो की’. मी निकला मेलमध्ये लिहिलं, ‘वापरकर्त्यांमध्ये बदलाला विरोध दिसतो.’ हे वाक्य लिहिताना मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

गुरुवारी सकाळी बाहेर रस्त्यावर ड्रेनेजसाठी जेसीबी लागला होता. अकराच्या सुमाराला त्याने इंटरनेटची लाइन तोडली आणि पडद्यावर निळी पाटी आली: ‘केंद्राशी संपर्क नाही. कृपया प्रतीक्षा करा.’ पाटी माझीच. त्यातलं ‘कृपया’ घालावं की नाही यावर आमची पाऊण तास बैठक झाली होती. लाइन गेली तर माणसाने काय करायचं, यावर मात्र एक मिनिटही झाली नव्हती. लाइन जाणं आमच्या चित्रात नव्हतं.

वीसेक मिनिटांनी प्रसूती वॉर्डातून फोन आला. बाळंतीण, रक्तस्राव थांबत नाही, ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या. मुजावर मॅडम न धावता, पण एकही पाऊल फुकट न घालवता, फ्रिजपाशी गेल्या, वॉर्डातून आलेला नमुना जुळवून पाहिला, दोन्ही पिशव्या घेऊन काउंटरवर आल्या. वॉर्डातली सिस्टर बर्फाचा डबा उघडा धरून उभी होती. मॅडमनी पिशवीवरचा बारकोड मशीनसमोर धरला. पडदा हलला नाही.

“लिमकर मॅडम, हे सोडत न्हाई.”

“लाइन गेलीय. दहा मिनिटं थांबा.”

“कुठली दहा मिनिटं?”

“पुण्याला फोन करते.”

निक बैठकीत होता. त्याने फोन कापला आणि संदेश पाठवला: ‘बायपास करू देऊ नकोस. अख्खा डेटा बिघडेल.’ मी तो वाचला आणि मुजावर मॅडमना म्हणाले, अगदी याच शब्दांत म्हणाले, “मॅडम, प्लीज, अशा देऊ नका. सिस्टिममध्ये चुकीची नोंद राहील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्रिजचं दार नीट लागलं नाही की त्या त्याच्याकडे असंच बघत. मग रजिस्टर ओढलं, दोन ओळी लिहिल्या, सिस्टरची सही घेतली, पिशव्या डब्यात ठेवल्या.

“पळ,” त्या म्हणाल्या. सिस्टर पळाली.

मी तिथेच उभी होते. हातात फोन होता. वॉर्डाकडे जाणाऱ्या त्या पावलांचा आवाज येत असताना मी सांगू का, मनात काय चाललं होतं? आता ही नोंद दुरुस्त करायला किती त्रास पडेल, हे.

सव्वा वाजता लाइन आली. दोन वाजता मोटरसायकलवरून एक माणूस डबा घेऊन हजर झाला. सांगलीच्या रुग्णालयातून आला होता. त्याच्या हातात आमच्या सिस्टिमने छापलेला कागद होता: ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, मिरज, आरक्षित. मिरजेची लाइन बंद असतानाही केंद्रातल्या सत्यात त्या पिशव्या मिरजेच्याच फ्रिजमध्ये होत्या. सांगलीने बाराच्या ठोक्याला त्या आपल्या नावावर केल्या होत्या. तिकडे एका म्हाताऱ्या गृहस्थांना ऑपरेशनसाठी तयार करून ठेवलं होतं. ते रद्द करावं लागलं. सर्जन थेट विश्वस्तांकडे गेला.

संध्याकाळी मुजावर मॅडम कोट काढताना म्हणाल्या, “वाचली ती. मुलगी झालीय.” मी ‘अरे वा’ म्हटलं. मला निकच्या फोनची धास्ती होती.

निक मात्र खुशीत होता. “अगं, हे तर सरळ आहे. वापरकर्तीने नियम मोडला, म्हणून एकच पिशवी दोघांना गेली. आपलं आर्किटेक्चर बरोबरच होतं. तू अहवाल लिही. मंगळवारी विश्वस्तांपुढे ठेवू. तिची सही घे म्हणजे विषयच संपला.”

“पण निक, ती बाळंतीण...”

“वाचली ना? मग. आर्किटेक्टचं मुख्य काम काय, सांग बघू? आर्किटेक्चर वाचवणं. मार्चमध्ये समितीपुढे तुझं नाव मी मांडणार आहे, हर्षदा.”

मी अहवाल लिहिला. छान लिहिला. ‘वापरकर्त्याने विहित कार्यपद्धतीचे उल्लंघन करून, उपस्थित तज्ज्ञाने स्पष्ट सूचना देऊनही...’ उपस्थित तज्ज्ञ म्हणजे मी. ‘मूळ कारण: मानवी हस्तक्षेप.’ हे वाक्य तर मी दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

शुक्रवारी सकाळी कागद मुजावर मॅडमपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला आणि एकेका ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. घाई नाही, चेहऱ्यावर काही नाही.

“इथं साडेअकरा लिवलंय,” त्या म्हणाल्या. “अकरा चाळीसला दिल्या मी. रजिस्टरला बघा.”

मी वेळ दुरुस्त केली. त्यांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं.

“मॅडम, तुम्ही नीट वाचलंत ना?”

“वाचलं की. उल्लंघन केलंच मी.”

“कारवाई होईल तुमच्यावर.”

“काय करतील? दोन वर्सं राहिलीत. रक्तदानाच्या गाडीवर घालतील. फिरीन गावोगाव.” पेनाचं टोपण उघडून त्या क्षणभर थांबल्या. “माझं काय न्हाई ओ. मी तुमच्या पडद्याला भीत न्हाई. पुढच्या महिन्यात कवठ्याहून एक मुलगी लागतीय इथं. डिप्लोमा फर्स्ट क्लास. गुणी हाय, सांगितलेलं सगळं ऐकती.” त्यांनी कागद सारखा केला. “काल ती असती, तर तिनं तुमचं ऐकलं असतं.”

बोलण्यात राग नव्हता. हवा कशी आहे ते सांगावं तसं सांगितलं, आणि पेन टेकवलं.

मी कागद ओढला. जोरात ओढला गेला. शाईची एक तिरकी रेघ त्यावर उमटली.

“काय झालं?”

“एक चूक राहिलीय,” मी म्हणाले.

“तारीख पण बघा मग,” त्या म्हणाल्या. “तीही चुकलीय.”

भिंतीवरचं चित्र मी त्या दुपारी काढून गुंडाळलं. शनिवार-रविवार पुण्याला गेले नाही. काउंटरमागे एका स्टुलावर बसून राहिले आणि दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी काम करताना नुसतं पाहिलं. फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातल्या पिशव्या कुणासाठी तरी बाजूला काढलेल्या असतात. आमच्या सिस्टिमला त्या ‘उपलब्ध’ दिसत. दुसऱ्या रुग्णालयाचा फोन आला की मॅडम आधी कप्पा बघायच्या, मग पेशंट कसा आहे ते विचारायच्या, मग हो किंवा नाही म्हणायच्या.

“आजवर एक पिशवी दोघांना कधी दिली गेली का?” मी विचारलं.

“कशी जाईल? हाताखाली असती ती. हातातली दिली की दिली.”

निक ज्यांना अपवाद म्हणायचा, ते सकाळी आठपासून सुरू व्हायचे आणि काउंटर बंद होईपर्यंत संपत नसत. त्यांच्याखेरीज दुसरं काम असं त्या खोलीत काही नव्हतंच. सत्तेचाळीस चौकोन काढताना मी या खोलीत एकदाही आले नव्हते, आणि यालाच मी आर्किटेक्चर म्हणत होते. रविवारी संध्याकाळी मी नवं चित्र काढलं. पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीने. चार चौकोनांत मावलं.

मंगळवारी ट्रस्टच्या मिरजेतल्या सभागृहात नऊ विश्वस्त होते. अध्यक्ष डॉक्टर आवटी, सत्तरीचे, निवृत्त सर्जन. निक करड्या कोटात आला होता. त्याने वीस मिनिटं ‘एकच सत्य’ समजावलं. ट्रस्टची सिस्टिम देशात कुठे नाही अशी कशी आहे, हेही. मग म्हणाला, “गुरुवारच्या घटनेचा तपशील हर्षदा सांगेल. थोडक्यात, वापरकर्त्याची चूक आहे.”

मी उभी राहिले.

“मुजावरबाईंनी काय करायला हवं होतं?” डॉक्टर आवटींनी विचारलं.

“माझ्या रचनेप्रमाणे, थांबायला.”

“किती वेळ?”

“लाइन येईपर्यंत. त्या दिवशी दीड तास.”

“त्या बाळंतिणीकडे दीड तास होता?”

“नव्हता.”

“हर्षदाला असं म्हणायचंय की—” निक उठला.

“त्यांना काय म्हणायचंय ते त्या म्हणतायत,” आवटी म्हणाले. “तुम्ही बसा.”

निक बसला.

“नियम मुजावर मॅडमनी मोडला,” मी म्हणाले. “नियम मी केला होता. मी तिथे हजर होते. त्या पिशव्या देत असताना मी त्यांना देऊ नका म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही म्हणून ती बाई जिवंत आहे. आणि सांगलीला त्या पिशव्या आरक्षित झाल्या त्या मुजावर मॅडममुळे नाही. लांब बसलेल्या माणसाला दुसऱ्याच्या फ्रिजमधली पिशवी परस्पर उचलता यावी अशी सोय मी करून ठेवली होती.”

“हे लेखी द्याल?”

“आणलंय.”

कागद हातोहात टेबलावरून पुढे गेला. आवटींनी वाचला, घडी केली. “आता यावर उपाय?”

“पिशवी ज्या फ्रिजमध्ये, तिच्यावर हक्क त्या काउंटरचा. तिथला संगणक स्वतःची वही स्वतः सांभाळेल. लाइन असो-नसो, पिशवी देता येईल. केंद्राला मागाहून कळेल. बाकीच्यांना साठा दिसेल, पण त्यांनी मागायचं. हो म्हणायचं ते काउंटरवरच्या माणसाने.”

“विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट,” निकला राहवलं नाही, “म्हणजे त्या बाई रजिस्टरात जे करत होत्या तेच झालं की.”

“हो,” मी म्हणाले. “तेच.”

परतीच्या गाडीत कऱ्हाडपर्यंत निक फोनवर बोटं फिरवत होता. मग काचेबाहेर बघत म्हणाला, “यू आर नॉट आर्किटेक्ट मटेरियल, हर्षदा.” त्याच्या व्याख्येने ते बरोबरच होतं. साताऱ्याला त्याने निवांत जेवण केलं. मला मात्र घास जात नव्हता, आणि त्याचाही मला राग येत होता.

मार्चमध्ये बढती ऋत्विजला मिळाली. त्याच्या चित्रात एकसष्ट चौकोन होते म्हणे. मला जुन्या सिस्टिमींच्या दुरुस्तीवर टाकलं. कंपनीत ती काळ्या पाण्याची शिक्षा मानत. ट्रस्टचं काम मात्र माझ्याच रचनेने करायचं, असं आवटींनी लेखी कळवलं होतं. तेव्हा दिवसभर दुरुस्ती करून उरलेल्या वेळात मी आणि कावीळ बरी झालेला आमचा प्रोग्रॅमर, दोघांनी ते अकरा आठवड्यांत उभं केलं. कोड मी स्वतः लिहिला. बोटं जड झाली होती, पण चालली.

पुढच्या वर्षी बंगळुरूच्या एका हॉटेलात निकला त्या कामासाठी काचेचं पदक मिळालं. त्याने त्याला ‘विकेंद्रित सत्य’ असं नाव दिलं होतं. मंचावर तो डोळे किंचित मिटून म्हणाला, “आर्किटेक्टने आधी साइटवर जाऊन माणसांजवळ बसलं पाहिजे.” मिरजेला तो त्या एका मंगळवारखेरीज कधीच गेला नव्हता. मी सहाव्या रांगेत होते. टाळ्या वाजवल्या. इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ वाजवल्या, शेजारचा वळून बघेपर्यंत. माझ्या कार्डावर ‘आर्किटेक्ट’ छापलं गेलं ते चार वर्षांनी, दुसऱ्या कंपनीत. तोवर त्या शब्दाची हौस फिटली होती.

मुजावर मॅडमना कुणी गाडीवर घातलं नाही. नवी सिस्टिम बसवून निघाले तेव्हा त्यांनी आभार वगैरे काही मानले नाहीत. “दोन बटणं जास्त हायत,” एवढंच म्हणाल्या. ती मी काढून टाकली.

निवृत्तीच्या महिन्यात एकदा त्यांचा फोन आला. मी दुरुस्तीच्या कामात बुडालेली होते.

“लिमकर मॅडम, काल लाइन गेलती इथली. अडीच तास.”

“मग? काय झालं?”

“काय व्हायचंय? मला संध्याकाळी समोरच्या झेरॉक्सवाल्यानं सांगितलं,” त्या म्हणाल्या. “पेढीत कुणाला कळलंच न्हाई.”